पाव किलो, चाळलेली

गणपती पेठेत हळदीचा धुरळा
ओठांवर बसतो, रुमालावर बसतो.
या पिवळ्या गावात मी हिरवं शोधत निघाले,
मापाची टेप गळ्यातच विसरून.

मागल्या खेपेला दहा रुपयांची पुडी घेतली होती.
पुडीवर एक बाई, तिचे केस
इस्त्री केलेल्या साटीनसारखे.
आमच्या घराण्यात तसले कुणाला नव्हते.
दहा मिनिटांत काळेभोर, असं लिहिलेलं.
दहा मिनिटांत कपाळाची कड पेटली,
आठवडाभर पदर पुढं ओढून
फॉल-पिको करत बसले.

म्हणून आज अत्तारांच्या दुकानात.
गल्ल्यावर खुतेजाबी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला.
तीन डबे उघडले तिनं, बोलली काही नाही.

पहिली पोपटासारखी हिरवीगार.
चिमूट तळहातावर घेतली, पाण्याचं बोट लावलं,
हिरवा ओघळ मनगटापर्यंत.
नको. खरी इतक्या लवकर बोलत नाही.

दुसरी खरबरीत, देठं, काड्या, बारीक वाळू.
"ही स्वस्तातली. सरळ केसाला चालती.
तुझ्यात शिरली तर भाईर यायची न्हाई,
संसार मांडंल तितंच."

तिसरी मळकट, वाळल्या गवताच्या वासाची,
बोटांतून पिठीसारखी निसटली.
भाव ऐकला.
पाव किलो म्हणजे दोन साड्यांचे फॉल, दोरा माझा.
"शंभर ग्रॅम द्या."

खुतेजाबीनं माझ्या आंबाड्याकडं बघितलं.
"सोड."
भर दुकानात? दारात हमाल, टेम्पोवाला,
खारीक निवडणारी दोन पोरं.
सोडला.

शाळेत याच केसांना झिपरी म्हणायचे.
लग्नात पार्लरवालीचे दोन कंगवे मोडले,
बिलात तिनं कंगवे वेगळे लावले.

"शंभरात निम्मंच भिजंल,
मग म्हणशीला, ह्यांची मेंदी लागत न्हाई.
केस जास्ती न्हाईत गं तुझे,
जागा जास्ती घेत्यात."

इतकी वर्षं एकच पुडी पुरवून पुरवून,
आणि शिव्या केसांना.

तराजूत पाव किलोचं माप पडलं.
"दह्यात कालव. लिंबू नको, कोरडं पडतंय.
आन् महिन्याच्या महिन्याला रातभर ठिवलीस
तर कुरळं सैल पडंल, सांगून ठेवते."

सैल?
हात पर्समध्येच राहिला.
या एका शब्दासाठी आईनं नवस बोलला असता.
मी स्वतः, दहावीच्या सुट्टीत,
ओल्या वेणीला इस्त्रीतला कोळसा झाकायचं
झाकण बांधून झोपले होते, वजनानं उतरतील म्हणून.
आणि आज पोटात असं झालं
जसं ओवलेली सुई घरात कुठंतरी पडल्यावर होतं.

"सैल नको."
आवाज जरा मोठाच निघाला. हमालानं वळून बघितलं.
"मग दोन तासात धू की," खुतेजाबी म्हणाली,
"त्यात काय एवढं."

सुटे पाच रुपये तिच्याकडं नव्हते.
त्याबदली जास्वंदीची वाळकी फुलं दिली, मूठभर,
मी नको म्हणाले नाही.

घरी अस्तराच्या मलमलीतून परत चाळली.
चमचाभर काड्या राहिल्या तेवढ्या.
मग लोखंडी कढईसमोर बसून
कानामागची एक बट हातात घेतली. टेप गळ्यात होतीच.

मापांच्या वहीत, दुग्गेवहिनींच्या बाहीखाली,
लिहून ठेवलं:
माझी बट.
ओढून एकवीस.
सोडून नऊ.
मेंदीच्या आधी.